पत तोलता येते काय?
(कारंजाच्या कापूस बाजाराच्या इतिहासातून एक धडा)

तराजूच्या एका पारड्यात कापूस आणि दुसऱ्यात लोखंडी वजन ठेवले म्हणजे मालाचे वजन कळते. धाग्याची लांबी मोजता येते, ओलावा यंत्राने पाहता येतो, सरकी किती आणि रुई किती हेही सांगता येते. तरीसुद्धा अगदी सारख्या मालाला एका अडत्याच्या ओट्यावर जास्त भाव मिळतो आणि दुसऱ्याच्या ओट्यावर कमी, हा अनुभव बाजारात नित्याचा आहे. हा जो फरक पडतो, तो कोणत्या वजनाचा? तो असतो पतीचा, म्हणजे विक्रेत्याच्या शब्दावर गिऱ्हाइकाने ठेवलेल्या विश्वासाचा. पत डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. पण ती असली की रुपये वाढतात आणि गेली की रुपये घटतात. या न दिसणाऱ्या गोष्टीचा दिसणारा हिशेब आपल्याच वाशीम जिल्ह्याच्या इतिहासातून मांडण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ही कल्पना नवीन नाही. त्यांच्या पुस्तकात तिला ‘ख्याती’ म्हणतात. समजा, एका दुकानात पाच लाख रुपये भांडवल गुंतले आहे आणि त्या धंद्यात शेकडा बारा टक्के नफा सर्वसाधारण मानला जातो. म्हणजे वर्षाला साठ हजार रुपये मिळायला हवेत. पण त्या दुकानाला दरसाल नव्वद हजार मिळतात. वरचे तीस हजार कशाचे? माल तोच, बाजारही तोच. ते नावाचे उत्पन्न आहे. दुकान विकताना या जादा नफ्याची तीन वर्षांची रक्कम धरली, तर नुसत्या नावाची किंमत नव्वद हजार रुपये होते आणि विकत घेणारा ती रोख मोजतो. इंग्लंडमधील लॉर्ड एल्डन या न्यायाधीशांनी १८१० साली एका खटल्यात ख्यातीचा अर्थ फार साधा करून सांगितला होता. जुनी गिऱ्हाइके जुन्याच ठिकाणी परत येण्याचा संभव, एवढाच तो अर्थ. गिऱ्हाईक परत येईल की नाही, यावरच सारे अवलंबून आहे.

वहीतील शब्द काय सांगतात

मराठी व्यापाऱ्याची जुनी वही उघडून पाहा. जमा, वसूल, बाकी, रक्कम, हिशेब, कर्ज, जामीन, अमानत, हवाला, दलाल, सराफ हे शब्द पानोपानी भेटतात. हे सर्व मुळात अरबी असून फारसी कारभारातून आपल्या भाषेत आले आणि इतके मिसळून गेले की आज ते परके वाटत नाहीत. यांतील ‘अमानत’ म्हणजे विश्वासाने सोपवलेली वस्तू आणि ‘जामीन’ म्हणजे दुसऱ्याच्या शब्दाची जबाबदारी घेणारा. शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जातात, ते माणसे एकमेकांशी व्यवहार करतात म्हणून. गावोगावच्या बाजारात निरनिराळ्या जातिधर्मांचे लोक एकमेकांकडून माल घेत होते, उधारी ठेवत होते, हुंड्या वटवत होते. हुंडी हा तर कागदाचा एक तुकडा. पण लिहिणाऱ्याच्या पतीवर तो शेकडो मैलांवरच्या गावी रोख रकमेत बदलत असे. जंगलातून थैल्या वाहून नेण्याचा खर्च आणि धोका त्यामुळे वाचे. पतीची ही मोजता येणारी पहिली किंमत होय.

वाशीमचे कापड, कारंजाची कस्तुरी

आपल्या भागाची बाजारातील ख्याती जुनी आहे. १७६९ साली माधवराव पेशवे आणि नागपूरचे जानोजी भोसले यांच्यात कनकापूरचा तह झाला. त्याच्या एका कलमानुसार भोसल्यांनी दरसाल ठरावीक किमतीचे कापड पेशव्यांना द्यावयाचे होते, आणि ते कापड वाशीम व बाळापूर येथे विणलेले असावे, असे ठरले. राजकीय तहात विणकरांच्या गावांची नावे यावीत, ही लहान गोष्ट नव्हे. वाशीम एवढे नाव घेतले की कापड कसे असेल हे दोन्ही दरबारांना कळत होते. गावाचे नाव हीच मालाची हमी होती. ही हमी कोणा सरदाराने कमावलेली नव्हती. नाव कोठेही न लिहिल्या गेलेल्या विणकरांनी ती वर्षानुवर्षे चांगले कापड विणून कमावलेली होती.

कारंजा हेही पुरातन काळापासून सधन व्यापारी गाव. १६७० साली छत्रपती शिवाजी महाराजांची स्वारी मोगल मुलखात येथवर आली, याचे कारण येथील संपत्तीचा बोलबाला हेच होते. या गावात कस्तुरीच्या हवेलीची एक दंतकथा सांगतात. उंटांवर कस्तुरी लादून एक व्यापारी आला आणि इतका माल घेणारा कोणी भेटेना. तेव्हा कारंजाच्या एका धनिकाने सारी कस्तुरी विकत घेतली व बांधकाम चाललेल्या हवेलीच्या चुन्यात मिसळून टाकली. दंतकथा म्हणजे इतिहास नव्हे. पण आपल्या गावाविषयी लोकांनी कोणती कथा जपून ठेवावी, यालाही अर्थ असतो. आलेला माल या गावातून परत जात नाही आणि विक्रेत्याचे पैसे बुडत नाहीत, ही कारंजाची कीर्ती त्या कथेत साठवलेली आहे.

‘सुरती’ नावाचा बट्टा

आता एकोणिसाव्या शतकाकडे वळू. १८५३ साली निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. मालकी निजामाची आणि कारभार हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटचा, अशी ती व्यवस्था होती. वऱ्हाडच्या काळ्या मातीतील कापूस इंग्रजांना हवा होता. पण त्या वेळी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार-पंचमांश कापूस अमेरिकेतून येत असे. १८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. मग साऱ्यांचे डोळे हिंदुस्थानाकडे लागले आणि आपल्याकडे कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले.

यश दारी चालून आले होते. परंतु त्याच वेळी आपल्या कापसाच्या नावाला मोठा बट्टा लागला. पश्चिम हिंदुस्थानातून मुंबईमार्गे जाणाऱ्या सगळ्याच कापसाला लँकेशायरमध्ये ‘सुरत’ म्हणत. त्यात गुजरातचा कापूस आला, खानदेशचा आला आणि आपला वऱ्हाडचाही आला. त्याचा धागा आखूड होता, हा काही कोणाचा अपराध नव्हता; ते बियाण्याचे व जमिनीचे लक्षण होते. पण त्यात सरकी, पाला, माती आणि दगडसुद्धा निघत, वजन वाढावे म्हणून पाणी मारलेले असे, आणि जुना खराब माल नव्यात मिसळलेला असे. हे मात्र माणसांचे काम होते. तेथील गिरणी कामगार या कापसाला इतके कंटाळले की, प्रार्थनेत कापूस मागतानाही सुरतेचा नको असे ते देवाला सांगत, अशी गोष्ट सांगितली जाई. ‘सुरत’ हा शब्द तेथे हलक्या, भेसळीच्या मालाला शिवी म्हणून रूढ झाला. १८६३ साली बिअर बनवणाऱ्या काही भागीदारांना कोणी ‘सुरती’ म्हटले, म्हणून त्यांनी इंग्लंडच्या न्यायालयात अब्रूनुकसानीचा दावा लावला. एका शहराचे नाव मालाची हमी होते, जसे वाशीमचे होते. येथे एका शहराचे नाव शिवी झाले.

भेसळीचा हिशेब विद्यार्थ्यांनी कागदावर मांडून पाहावा. समजा, एका गावात वीस व्यापारी आहेत आणि प्रत्येकाकडे शंभर रुपयांचा माल आहे. त्यांपैकी एकाने शंभरात पाच भाग माती मिसळली आणि पाच रुपये जास्त मिळवले. गिरणीवाल्याने गाठ फोडली तेव्हा माती दिसली. पण ही गाठ कोणाची हे त्याला ठाऊक नाही, कारण सगळ्यांचा माल एकाच नावाने आला आहे. पुढच्या वर्षी तो त्या गावच्या मालाला सरसकट दहा टक्के भाव कमी देतो. एकाने पाच रुपये मिळवले आणि वीस जणांनी मिळून दोनशे गमावले. आणखी पुढचे वर्ष पाहा. स्वच्छ माल आणणाऱ्यालाही कमीच भाव मिळतो, तेव्हा त्याने मेहनत घेऊन कापूस का वेचावा? हळूहळू तोही तसाच वागू लागतो. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हाच विचार मांडला आणि पुढे २००१ साली त्याला नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आपल्याकडच्या व्यापाऱ्यांना मात्र तो शंभर वर्षे आधीच अनुभवाने कळून चुकला होता.

१८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील युद्ध संपले. तिकडचा कापूस पुन्हा मिळू लागताच इंग्लंडचे गिऱ्हाईक जुन्या ठिकाणी परतू लागले आणि आपले भाव कोसळले. चार वर्षे गिऱ्हाईक आपल्या दारात उभे होते ते नाइलाजाने. नाइलाज संपला तेव्हा त्याला बांधून ठेवील असे नाव आपल्यापाशी नव्हते.

मुंबईची फुगलेली पत

याच काळात मुंबईत पतीचा दुसरा तमाशा झाला. भेसळीमुळे पत गेली, ही एक बाजू. आधार नसताना पत वाढवली, ही दुसरी बाजू. कापसाच्या पैशाने मुंबईत सट्ट्याला ऊत आला. रोज नव्या कंपन्या निघू लागल्या. बॅकबे येथे समुद्र हटवून जमीन काढण्यासाठी जी कंपनी निघाली, तिच्या पाच हजारांच्या शेअरला पन्नास हजारांपर्यंत भाव आला. जमीन अजून पाण्याखालीच होती. प्रेमचंद रायचंद या बड्या व्यापाऱ्याच्या शब्दावर बँका कर्जे देत होत्या, आणि तारण काय, तर हेच शेअर. १ जुलै १८६५ रोजी सौदे पुरे करण्याची वेळ आली, तेव्हा कोणाजवळच पैसा नव्हता. बँक ऑफ बॉम्बेच्या ज्या शेअरला २,८५० रुपये मिळत होते, तो ८७ रुपयांवर आला. १८६८ साली ती बँक बंद करून तिच्या जागी नवी बँक उभारावी लागली.

या दोन घटना एकत्र पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. कापसाच्या बाजारात प्रामाणिक माल होता, पण त्यावर विश्वास ठेवायला जागा नव्हती. मुंबईच्या शेअर बाजारात विश्वास वाटेल तेवढा होता, पण त्याच्या खाली माल नव्हता. दोन्ही ठिकाणी नुकसान रुपयांतच झाले. विश्वासाला तपासणीची जोड लागते आणि तपासणीला विश्वासाची.

कारंजा, १८८६

भेसळ थांबावी म्हणून सरकारने काहीच केले नाही असे नाही. मुंबई इलाख्यात १८२९ पासून त्यासाठी कायदे होत होते. १८६३ च्या कायद्याने तपासनीस नेमले, दंड ठेवले. पण तपासणीची फी व्यापाऱ्यांना जाचक वाटे आणि गाठ बंदरावर पोहोचल्यावर तिच्यातली माती शोधणे म्हणजे वरातीमागून घोडे. अखेर १८८२ साली ती व्यवस्था गुंडाळली गेली.

दोष बंदरावर निर्माण होत नव्हता. तो निर्माण होत होता शेतकऱ्याची गाडी जेथे पहिल्यांदा उभी राहते, तेथे. त्या काळची पद्धत आपल्या पालकांपैकी अनेकांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल. शेतकरी बैलगाडी घेऊन येई. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणेने भाव ठरवत आणि ज्याचा माल, तो शेजारी उभा राहून फक्त रुमाल पाहत असे. मग माल तोलला जाई. वजनातून कडता कापला जाई. पैशांतून अडत, दलाली, तोलाई, हमाली आणि धर्मादाय वजा होई. धर्मादायाची रक्कम कोणत्या धर्मकार्याला गेली, हे शेतकऱ्याने विचारण्याची सोय नसे. हातात पट्टी पडेपर्यंत आपल्याला किती मिळणार, हे त्याला कळत नसे. आपली फसवणूक होणार असे ज्याने गृहीत धरले आहे, तो कापसावर पाणी मारूनच गाडी जुंपणार. व्यापारीही मग, ओला माल येणार असे धरून भाव पाडणार. अविश्वासाचे चक्र असे दोन्ही बाजूंनी फिरत होते.

या पार्श्वभूमीवर १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमान्वये कारंजा येथे नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. हिंदुस्थानातील हा पहिला नियंत्रित बाजार होय. आज देशभर कृषी उत्पन्न बाजार समित्यांचे जे जाळे आहे, त्याचा पहिला धागा आपल्या वाशीम जिल्ह्यातील या गावी विणला गेला, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी अभिमानाने लक्षात ठेवावी. त्या वेळी कारंजाला रेल्वेही नव्हती. कापूस गाड्यांनी मूर्तिजापूरला जात असे. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद लोहमार्गाची गाडी, जिला पुढे लोक प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणू लागले, ती कारंजावरून धावू लागली विसाव्या शतकाच्या आरंभी.

कारंजाचा अनुभव जमेस धरून १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. त्यातील तरतुदी साध्या होत्या. बाजाराची जागा ठरलेली असावी. तिच्या भोवती पाच मैलांच्या आत परवानगीवाचून दुसरा बाजार भरू नये. दलाल आणि तोलणारे यांनी परवाने घ्यावेत. कोणत्या कामाचे किती पैसे कापायचे, हे आधी ठरलेले असावे. देखरेखीला पाच सभासदांची समिती असावी, त्यांत दोघे नगरपालिकेचे आणि तिघे कापूस व्यापाऱ्यांचे. यात कोठेही ‘प्रामाणिक राहा’ असा उपदेश नाही. माणूस प्रामाणिक राहिला तर त्याचे नुकसान होऊ नये आणि लबाडी केली तर ती उघडी पडावी, एवढीच सोय आहे. शेतकऱ्याला आधी आकडा कळला, तोलणारा ओळखीचा आणि परवानाधारक झाला, की गाडीवर पाणी मारण्याचे निम्मे कारण संपते.

जे राहून गेले

इतिहास लिहिताना एकच बाजू सांगणे बरे नव्हे. कारंजाचा बाजार काढण्यामागे शेतकऱ्याचे कल्याण हा मुख्य हेतू नव्हता. मँचेस्टरच्या गिरण्यांना शुद्ध कापूस वाजवी भावात हवा होता, ही त्यामागची खरी गरज होती. आणि १८९७ च्या समितीची रचना पुन्हा एकदा वाचा. दोन नगरपालिकेचे, तीन व्यापाऱ्यांचे. ज्याने कापूस पिकवला, त्याच्यासाठी खुर्ची नाही. १९२८ साली शेतीविषयक शाही आयोगाचा अहवाल आला. त्यात वऱ्हाडच्या या बाजारांची पद्धत इतर प्रांतांनी घ्यावी अशी शिफारस झाली, परंतु तिच्यातील हा दोषही दाखवून देण्यात आला. मुंबई प्रांताने त्याआधीच, १९२७ साली, आपला कापूस बाजार कायदा केला होता. पुढे महाराष्ट्र राज्याचा १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा झाला, त्यात बाजार समितीवर शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींचे बहुमत ठेवण्यात आले. १८८६ पासून इथवर यायला पाऊणशे वर्षे लागली. वजन खरे आहे हे पुरेसे नाही. ते खरे आहे असे ज्याचा माल आहे त्याला पटले पाहिजे, आणि पटण्यासाठी त्याला विचारण्याचा अधिकार पाहिजे.

राज्याने १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना चालवली. हमीभाव होता, प्रतवारी होती, व्यापाऱ्याच्या मनमानीला आळा होता. हेतू उत्तम होता. परंतु पैसे हाती पडायला विलंब होऊ लागला, तेव्हा बाहेर भाव चढलेल्या वर्षी कापूस शेजारच्या राज्यांत जाऊ लागला. शब्द दिला, पण वेळेवर पाळला नाही, तर सरकारचीही पत घटते. पत श्रीमंत-गरीब पाहत नाही, तशी ती खासगी-सरकारी हा भेदही पाहत नाही.

गाठीवरचा क्रमांक

वर जो वीस व्यापाऱ्यांचा हिशेब मांडला, त्यातील खरी अडचण आठवा. गाठ कोणाची, हे गिरणीवाल्याला कळत नव्हते. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने याचे उत्तर दिले. प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालणे सक्तीचे झाले. त्याआधी १९२३ साली हलका कापूस चांगल्या कापसाच्या प्रदेशात आणून मिसळण्यास बंदी करणारा कायदा झाला होता. क्रमांक पडताच दोषाला मालक मिळाला आणि गुणालाही मालक मिळाला. ज्याचा माल चांगला, त्याला त्याचे श्रेय आणि वरचा भाव घेता येऊ लागला.

प्रश्न तेवढ्याने सुटला असे मात्र नाही. मातीच्या जागी आज प्लॅस्टिकच्या पोत्यांचे धागे, केस, सुतळी आणि चिंध्या कापसात येतात. एक प्लॅस्टिकचा धागा विणलेल्या कापडाचा मोठा तुकडा बिघडवतो, कारण त्याला रंग चढत नाही. या कचऱ्यामुळे आपल्या कापसाला परदेशी गिरण्यांत कमी लेखले जाते. म्हणूनच केंद्र सरकारने २००० साली कापूस तंत्रज्ञान अभियान हाती घेऊन बाजारांची आवारे आणि जिनिंग कारखाने सुधारण्यास मदत केली. ७ ऑक्टोबर २०२० रोजी, जागतिक कापूस दिनी, भारतीय कापसाला ‘कस्तुरी’ हे नाव देण्यात आले. गाठ कोठून आली याचा माग काढता यावा, अशी त्यात योजना आहे. कारंजाच्या हवेलीची कथा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना या योगायोगाची मौज वाटेल. पण सुगंध नावात नसतो. नावाखाली कापूस स्वच्छ निघाला, तरच पुढच्या वर्षी त्या नावाला दोन रुपये जास्त मिळतील. न निघाला, तर ‘सुरत’चे जे झाले ते ‘कस्तुरी’चे व्हायला वेळ लागणार नाही.

आजचा हिशेब

आज कापसाच्या जोडीला आपल्या जिल्ह्यात सोयाबीन आणि तुरीचे महत्त्व फार वाढले आहे. पीक बदलले, तराजूच्या जागी इलेक्ट्रॉनिक काटा आला, ओलावा मोजायला यंत्र आले. परंतु प्रश्न जुनाच आहे. समजा, वीस क्विंटल कापूस सात हजार रुपये भावाने विकला आणि क्विंटलमागे एक किलो ‘रीत’ म्हणून कापले, तर वीस किलोचे चौदाशे रुपये गेले. या पैशात एका मुलीची वर्षभराची वह्या-पुस्तके येतात. कापणाऱ्याला ते किरकोळ वाटतात. ज्या घरातून जातात, तेथे ते किरकोळ नसतात. आणि त्या घरचा माणूस पुढच्या हंगामात गाडी दुसऱ्या दाराशी नेतो, हे नुकसान कापणाऱ्याच्या वहीत कोणत्याच रकान्यात लिहिले जात नाही. ते असते मात्र खरे, आणि चौदाशेहून पुष्कळ मोठे.

आपल्या समाजातील बरेच पालक लहान धंद्यांत आहेत. कोणाचे किराणा दुकान, कोणाची फळांची गाडी, कोणाचे गॅरेज, कोणी बाजारात मापारी किंवा हमाल, तर कोणी जिनिंगमध्ये मजुरीला. भांडवल थोडे, बँकेत तारण ठेवायला मालमत्ता थोडी. ज्याच्याजवळ भांडवल कमी, त्याला पतीची गरज सर्वांत जास्त. मोठ्या व्यापाऱ्याला एका गैरव्यवहाराचा धक्का सोसतो, लहान माणसाला सोसत नाही. त्यात एक अन्यायही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. एकाच्या चुकीने साऱ्या गावाला, साऱ्या आळीला नाव ठेवण्याची सवय जगाला आहे. लँकेशायरने तेच केले. त्यावर रुसून उपयोग नाही. उपाय इतिहासाने दाखवला आहे. आपल्या मालावर आपला क्रमांक असावा. पावती द्यावी, पावती मागावी. काटा शासनाच्या वैधमापन विभागाकडून मुदतीत तपासून घ्यावा आणि त्यावरील शिक्का गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवावा. भाव लिहून लावावा. उधारीची वही अशी ठेवावी, की समोरच्याने केव्हाही पाहिली तरी संकोच वाटू नये.

विद्यार्थी मित्रांनो, वर्गात ‘बाजारपेठ’ हा पाठ वाचून होतो आणि आपण पान उलटतो. शक्य असेल त्याने एकदा कारंजाच्या किंवा आपल्या तालुक्याच्या बाजार समितीच्या आवारात हंगामाच्या दिवसांत जाऊन उभे राहावे. लिलाव कसा पुकारतात, काट्यावरचा आकडा कोण वाचतो, पट्टीवर कोणत्या नावाने किती रक्कम वजा होते, हे वहीत टिपून आणावे आणि घरी वडिलांना त्यातला प्रत्येक रकाना समजावून सांगावा. ज्या घरातील मुलाला किंवा मुलीला पट्टी वाचता येते, त्या घराला फसवणे कठीण जाते. आपल्या शिक्षणाचा तेवढा उपयोग आपल्या आईवडिलांना याच हंगामापासून व्हावा.